माप

डॉक्टर निमजेनं कागदावर दोन गोल काढले.
चुकले होते. बाईचं अंग असं बसत नाही,
तीस वर्षं ब्लाउज शिवून राहिली मी,
पण बोलली नाही.
पहिल्या गोलात वाटाण्याएवढा ठिपका.
"एवढंच काढू. मग पंचवीस दिवस मशीनचा शेक."
दुसरा गोल पेनानं पूर्ण गिरवून टाकला.
"किंवा हे. मग शेक बहुतेक लागणार नाही."
चांगलं कोणतं?
"जगण्याच्या हिशेबानं दोन्ही सारखे, ताई.
तुम्ही ठरवा."

एक वाईट असतं तर बरं झालं असतं.
दोन थान सारखेच, भावही एकच,
तेव्हाच गिऱ्हाईक दुकानात दुपार घालवते.

मी घरी येईस्तोवर गोष्ट गावात पोचली होती.
शेवंताबाई पडवीत येऊन बसली,
"काढून टाक ना मा,
या वयात आता कोणाले दाखवाचं आहे?"
सत्तेचाळीस.
तिच्याच सुनेचा ब्लाउज मशीनवर होता,
कटोरीवाला, पाठीला दोरी.
मी पायडल मारत राहिली.
मयुरीचा पुण्याहून फोन, "आई, ठेव.
आजकाल ठेवतात."
जसं जुनं कपाट.

हाताचं कोणीच विचारलं नाही.
दुसऱ्या खेपेला मीच विचारलं,
काखेतल्या गाठी काढल्या तर हात सुजतो म्हणतात.
उजवा आहे. कैची धरता येईल?
डॉक्टरनं पेन खाली ठेवला,
पहिल्यांदा माह्या तोंडाकडं पाह्यलं.
"तुम्ही काय करता?"

मग मी सगळं एसटीवर ढकललं.
सहा चाळीसची आर्वी, तिथून वर्धा,
परतीची साडेचारची आली तर आली.
बायकांले अर्धं तिकीट, तरी पंचवीस दिवस.
जूनमध्ये शाळेचे एकशे चाळीस गणवेश.
काढूनच टाकतो म्हटलं गुणवंताले,
बसच नाही तर काय करते माणूस.

तो जिनिंगमध्ये काट्यावर वजन लिहिते,
घरी बोलत नाही.
तिसऱ्या दिवशी पावती आणली एक.
पुढच्या बाजूनं क्विंटल, किलो.
मागून त्याच्या तिरप्या अक्षरात
धर्मशाळा, दवाखान्याजवळ, रोजचे तीस,
दोघांची जागा.
शेठले विचारलं, सुटी महिनाभर, बिनपगारी.
"हे कर का ते कर, मी म्हणत नाही," म्हणे.
"फक्त बस काढून टाकली मधातून."

बस गेली.
आता मीच उरली.

रात्री दार लावून टेप घेतला.
माह्या वहीत गावच्या सगळ्या बायकांचं माप आहे,
मेलेल्यांचंही.
माहं नाही. अंदाजानंच शिवत आली.
छाती अडतीस.
उजवीकडं गाठीवर बोट ठेवलं
अन् स्वतःले विचारलं,
ठेवलं तर रोज रात्री इथंच चाचपत बसशील?
बसीन.
अन् नसलं तर आंघोळीत पाहशील?
पाहीन. पहिले काही दिवस नाही.
यातून काही ठरलं नाही.
बोट तिथंच होतं.
कातडी गरम, माहीच,
लेकीच्या दुधाची, उन्हाळ्यातल्या घामोळ्याची,
लग्नाच्या साली फुणगं आलं होतं त्याचा डाग अजून.
दाखवाचं कोणालेच नाही शेवंताबाई,
मले पाहाचं आहे.

वहीत नाव घातलं, कुंदा भोंगाडे.
छाती, कंबर, खांदा, मुंढा.
तारीख.

सकाळी फोन लावला.
गाठ तेवढी काढा, सर. अन् हाताचं पाहा.
मागं कोणाची तरी ट्रॉली वाजत होती,
ते "हो" म्हणाले का अजून काही, नीट ऐकू आलं नाही.

पिशवीत दोन लुगडी, रिपोर्ट, साबण.
सुनेच्या ब्लाउजचे हुक लावाचे राहिले,
तोही टाकला, सुईदोऱ्यासकट.
तिथं लावीन.
डाव्या हातानं जमलं तर.